पातळ फोम आणि दाट घुमारा

आमच्या घरातल्या छोट्या होम थिएटरमध्ये चित्रपट पाहताना आई दर दहा मिनिटांनी एकच प्रश्न विचारत असे, "काय म्हणाला गं तो?" तिच्या कानांत दोष नव्हता, कारण तोच चित्रपट बैठकीच्या खोलीतल्या साध्या टीव्हीवर लावला की तिला शब्दन्‌शब्द कळत असे. मी मधला स्पीकर बदलला, रिसीव्हरच्या मेनूमध्ये जाऊन त्याचा आवाज तीन डेसिबलने वाढवला, शेवटी उपशीर्षके सुरू करून दिली; पण आवाज सुधारण्यासाठी स्पीकर सोडून ज्या खोलीत तो वाजतो तिच्याकडे पाहावे, हे मला सुचायला जवळपास दोन वर्षे लागली. आणि सुचल्यावरही मी पहिली गोष्ट केली ती चुकीचीच.

खोली 4.2 मीटर लांब, 3.1 मीटर रुंद आणि 2.8 मीटर उंच आहे. भिंती पक्क्या, वर सपाट छत, खाली फरशी. टाळी वाजवली की तिच्यामागून "टर्रर्र" असा धातूच्या पट्टीसारखा थरथरता आवाज यायचा. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये आवाज चेंडूसारखा आपटत राहिल्याने असे होते: 3.1 मीटर जाऊन परत येण्याचे अंतर 6.2 मीटर, ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 343 मीटर, म्हणजे एका फेरीला 18 मिलिसेकंद. हा आवाज इतका स्पष्ट ऐकू येत होता की सगळा दोष त्याचाच आहे असे मी धरून चालले आणि अडीच सेंटीमीटर जाडीचा, टोकदार उंचवट्यांचा फोम आणून समोरची आणि बाजूच्या दोन्ही भिंती जवळजवळ झाकून टाकल्या.

टाळीची थरथर थांबली. खोलीत शिरताच कानांवर उशी ठेवल्यासारखे वाटू लागले, आणि मी समाधानाने चित्रपट लावला. संवाद पूर्वीपेक्षा वाईट ऐकू येत होते.

पातळ फोम असे का करतो, हे समजून घेतल्यावर पुढचे सगळे काम सोपे झाले. फोम किंवा ग्लासवूल यांसारखे सच्छिद्र पदार्थ आवाज शोषतात ते हवेच्या कणांच्या हालचालीला घर्षण करून. त्या घर्षणात ध्वनीच्या ऊर्जेची किंचितशी उष्णता होते. पण भिंतीला अगदी लागून हवेचे कण पुढेमागे हलूच शकत नाहीत, तिथे फक्त दाब वाढतो आणि कमी होतो. कण सर्वांत वेगाने हलतात ते भिंतीपासून तरंगलांबीच्या एक चतुर्थांश अंतरावर. अडीच सेंटीमीटर हे अंतर ज्या ध्वनीच्या तरंगलांबीचा चौथा भाग आहे, तो सुमारे 3,400 हर्ट्झचा. त्याच्या खालच्या स्वरांवर या फोमची पकड भराभर सुटत जाते आणि खर्जाला तर तो आहे की नाही याचा पत्ताही लागत नाही. बोलण्यातली स, श, त, क यांसारखी व्यंजने, ज्यांच्यावरून शब्द ओळखू येतो, त्यांची ओळख पटवणारा बराचसा भाग 2,000 हर्ट्झच्या वर असतो. म्हणजे मी शब्दांची धार तेवढी भिंतींवर खर्च करून टाकली होती आणि त्यांना झाकणारा घुमारा जसाच्या तसा ठेवला होता. खालचे स्वर वरच्या स्वरांना जितके झाकतात तितके वरचे खालच्यांना झाकत नाहीत, हा कानाचा स्वभावच आहे.

(अंड्यांचे ट्रे भिंतीला लावण्याचा सल्लाही मला मिळाला होता. ते तर फोमपेक्षाही पातळ असतात आणि कागदाचा लगदा काही फार शोषत नाही. शिवाय फोम असो वा आवाज शोषणारे जाड पॅनल, त्याने खोलीतला आवाज शेजारी जायचा थांबत नाही. तो थांबवायला वजनदार भिंत आणि हवाबंद फटी लागतात, तो विषयच वेगळा.)

मग मी मोजमापाचा मायक्रोफोन घेतला आणि रूम ईक्यू विझार्ड हे मोफत सॉफ्टवेअर संगणकावर घातले. स्पीकरमधून खालच्या स्वरापासून वरच्या स्वरापर्यंत सरकत जाणारा एक सूर वाजतो, मायक्रोफोन तो टिपतो आणि कोणता स्वर किती मोठा आला व किती वेळ रेंगाळला, याचा आलेख समोर येतो. माझ्या आलेखात 41 हर्ट्झवर एक डोंगर होता आणि तो विरायला जवळपास एक सेकंद घेत होता. 55 आणि 61 हर्ट्झवर त्याहून छोटे उंचवटे होते. हे आकडे पाहून मी कागद-पेन घेतले, कारण ते कुठून आले हे खोलीच्या मापांवरूनच सांगता येते: ध्वनीच्या वेगाला लांबीच्या दुपटीने भागले की 41 येतात, रुंदीच्या दुपटीने भागले की 55 आणि उंचीच्या दुपटीने भागले की 61. खोलीची तीन मापे हेच तिचे तीन सूर. चित्रपटात दार आपटले, ढोल वाजला, गाडी सुरू झाली की त्या सुरांपैकी एखादा छेडला जायचा आणि पुढच्या संवादावर सांडत राहायचा.

या प्रश्नाचा सर्वांत मोठा भाग एक पैसाही न खर्चता सुटला, आणि म्हणूनच तो आधी केला नाही याचे वाईट वाटते. आमचा सोफा मागच्या भिंतीला टेकलेला होता. मागच्या भिंतीशी लांबीच्या अनुनादांचा, म्हणजे खोलीच्या लांबीने ठरणाऱ्या सुरांचा, दाब सर्वाधिक असतो, म्हणजे आम्ही नेमके घुमाऱ्याच्या पोटात बसत होतो. सोफा अगदी मधोमध आणून पाहिला, तर तिथे लांबीचा पहिला अनुनाद शून्यावर येतो आणि 41 हर्ट्झचा स्वर जवळजवळ गायब होतो. स्फोट झाला की कुणी पुठ्ठ्याच्या खोक्यावर थाप मारल्यासारखे वाटायचे. शेवटी कान मागच्या भिंतीपासून दीड मीटरवर येतील अशी जागा ठरली. सबवूफरची, म्हणजे फक्त खर्ज वाजवणाऱ्या स्पीकरची, जागा शोधण्यासाठी एक जुनी युक्ती वापरली: तो ऐकण्याच्या जागेवर, थेट सोफ्यावर ठेवला, एक खर्जातला सूर लावला आणि भिंतीकडेने गुडघ्यांवर रांगत जिथे सूर सर्वांत सम ऐकू आला तिथे खूण केली. ध्वनीचा मार्ग उलटा केला तरी फरक पडत नाही, या तत्त्वावर ही युक्ती चालते. आईने दारातून मला त्या अवस्थेत पाहिले आणि काहीही न विचारता दार लोटून घेतले.

समोरच्या स्पीकरांचीही जागा बदलली, आणि इथे प्रचलित सल्ल्याच्या थोडे उलट जावे लागले. स्पीकर भिंतीपासून दूर ठेवावेत असे बहुतेक ठिकाणी सांगितले जाते. माझे स्पीकर भिंतीपासून 85 सेंटीमीटर पुढे होते. स्पीकरमधून मागे गेलेला खालचा स्वर भिंतीवर आपटून पुढे येतो, आणि ज्या स्वराच्या तरंगलांबीचा चौथा भाग त्या अंतराइतका असेल तो मूळ स्वराच्या बरोबर विरुद्ध पडून त्याला खोडून टाकतो. 85 सेंटीमीटरला हा स्वर 100 हर्ट्झच्या आसपास येतो, आणि आलेखात तिथे खरोखर खड्डा होता. इतक्या खाली शोषण करायला भिंतीएवढी जाड गादी लागली असती. म्हणून स्पीकर मागे सरकवले, अंतर 40 सेंटीमीटर केले. खड्डा 210 हर्ट्झच्या वर सरकला, आणि तिथे जाड पॅनल त्याला आवरू शकते. छोट्या खोलीत दूर ठेवायला जागाच नसते, तेव्हा अर्धवट दूर ठेवण्यापेक्षा जवळ ठेवून मागे पॅनल लावणे मला जास्त शहाणपणाचे वाटते.

आता किती पॅनल लागतील, हा प्रश्न. इथे वॉलेस सबाइन या प्राध्यापकांची आठवण काढायलाच हवी. हार्वर्ड विद्यापीठातल्या फॉग संग्रहालयाच्या व्याख्यानगृहात वक्त्याचा शब्द सुमारे साडेपाच सेकंद घुमत राहायचा आणि काहीच कळत नसे; 1895 मध्ये ते सुधारण्याचे काम या तरुण भौतिकशास्त्रज्ञाकडे आले. त्यांनी रात्री शेजारच्या सँडर्स नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणायच्या, ऑर्गनची एक नळी वाजवून आवाज किती वेळाने विरतो हे मोजायचे आणि सकाळपूर्वी गाद्या परत नेऊन ठेवायच्या, असे कित्येक रात्री केले. त्यातून निघालेले सूत्र आजही वापरात आहे: आवाज 60 डेसिबलने विरायला लागणारा वेळ म्हणजे 0.161 गुणिले खोलीचे घनफळ, भागिले एकूण शोषण. माझ्या खोलीचे घनफळ 36.5 घनमीटर. मधल्या स्वरांसाठी 0.35 सेकंद हवे असतील, तर सूत्राप्रमाणे सुमारे 17 चौरस मीटर पूर्ण शोषण लागते, म्हणजे पडलेला सगळा आवाज गिळणारा तेवढा पृष्ठभाग. फोम काढून टाकल्यावर मोजलेला वेळ 0.6 सेकंद होता, म्हणजे सोफा, गालिचा आणि पडदे मिळून दहाच्या आसपास शोषण आधीच देत होते. उरलेले सात. 1.2 बाय 0.6 मीटरच्या एका पॅनलचे क्षेत्रफळ 0.72 चौरस मीटर, म्हणजे नऊ-दहा पॅनल पुरेत. खर्जाला मात्र हे गणित लागू पडत नाही, कारण तिथे आवाज खोलीभर समान पसरत नाही, ठरावीक अनुनादांत अडकून बसतो.

पॅनल घरीच केली. लाकडी पट्ट्यांची चौकट, तिच्यात दहा सेंटीमीटर जाडीचे रॉकवूल (दगडापासून केलेली तंतुमय लोकर), मागे तेवढीच मोकळी हवा सोडून भिंतीवर टांगणी. ही मागची हवा फुकटची जाडी आहे: पदार्थाचा पुढचा भाग भिंतीपासून वीस सेंटीमीटरवर जातो आणि शोषण बरेच खाली, दोनशे हर्ट्झच्या आसपासपर्यंत उपयोगी राहते. वरून लावायचे कापड तोंडाशी धरून फुंकर मारावी. फुंकर सहज पार गेली तर आवाजही जाईल. रेक्झीनसारखे सुंदर दिसणारे आवरण घातले तर वरचे स्वर त्यावरूनच परततील. रॉकवूल कापताना मास्क, हातमोजे आणि पूर्ण बाह्या हव्यातच. मी पहिल्या दिवशी बाह्या दुमडल्या होत्या आणि दोन दिवस हात खाजवत बसले.

पॅनल कुठे लावायची, यासाठी आरसा पुरतो. एकाने सोफ्यावर बसायचे, दुसऱ्याने बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवत न्यायचा; आरशात स्पीकर दिसला की तिथूनच त्याचे पहिले परावर्तन कानांवर येते. आमच्याकडे या परावर्तनाचा मार्ग थेट मार्गापेक्षा 77 सेंटीमीटर लांब होता, म्हणजे तो आवाज सव्वादोन मिलिसेकंद उशिरा आणि जास्तीच्या अंतरामुळे फक्त अडीच डेसिबलने मंद होऊन पोहोचत होता. इतक्या थोड्या अंतराने आलेला आवाज कानाला वेगळा प्रतिध्वनी म्हणून कळत नाही. तो मूळ आवाजात मिसळून त्याचा रंग बदलतो. बाजूच्या दोन्ही भिंतींवर दोन-दोन, समोरच्या स्पीकरांमागे दोन, सोफ्यामागच्या भिंतीवर तीन अशी नऊ पॅनल लावली. बाजूची परावर्तने राहू द्यावीत, त्याने आवाज प्रशस्त वाटतो, असे मानणारे जाणकारही आहेत आणि संगीतापुरते मला ते पटते. पण आमचा झगडा संवादांशी होता. खोलीचा मागचा निम्मा भाग मात्र मी मुद्दाम बराचसा उघडा ठेवला. तिथली पुस्तकांची वेडीवाकडी मांडणी आवाज विखुरण्याचे काम बऱ्यापैकी करते.

सर्वांत जास्त रॉकवूल गेले ते चार उभ्या कोपऱ्यांत. कोपऱ्यात आडव्या दिशेचे सगळे अनुनाद एकत्र येतात, म्हणून त्रिकोणी तुकडे कापून जमिनीपासून छतापर्यंत एकावर एक रचले आणि समोर कापड ताणले. 41 हर्ट्झच्या तरंगलांबीचा चौथा भाग दोन मीटरहून जास्त असतो. तेव्हा हे कोपरे तो स्वर गिळून टाकतील अशी अपेक्षा नव्हती आणि तसे झालेही नाही. पण एक सेकंद रेंगाळणारा डोंगर सुमारे अर्ध्या सेकंदावर आला. उरलेली उंची रिसीव्हरच्या इक्वलायझरने, म्हणजे ठरावीक स्वर कमी-जास्त करणाऱ्या सोयीने, कापली. तो उंचवटा कापू शकतो, खड्डा भरू शकत नाही: जिथे स्वर स्वतःलाच खोडतो तिथे जास्त शक्ती ओतली तर खोडणारा भागही तितकाच वाढतो आणि ॲम्प्लिफायर उगाच तापतो. म्हणून इक्वलायझर सगळ्यांत शेवटी.

मधल्या स्पीकरचा वाढवलेला तीन डेसिबल आवाज मी परत शून्यावर आणला आहे. आई आता उपशीर्षके बंद करायला सांगते, कारण ती वाचताना चेहऱ्यांकडे लक्ष राहत नाही. छताचा 61 हर्ट्झ अजून तसाच आहे. सोफ्याच्या वर, छतापासून वीस सेंटीमीटर खाली पंधरा सेंटीमीटर जाडीचे पॅनल टांगायचे ठरवले आहे. त्याने परावर्तने नक्की कमी होतील, 61 वर कितपत परिणाम होतो ते मायक्रोफोन सांगेल. काढलेला फोम माळ्यावर पडून आहे. त्याचा एक तुकडा मी मोजमापाच्या मायक्रोफोनच्या पेटीत अस्तर म्हणून घातला.