पंधरा फुटी केबलचं गिऱ्हाईक

आमच्याकडे येणारं गिऱ्हाईक आधी गाडीचं नाव घेतं. स्प्लेंडरची क्लच, ॲपेची ॲक्सिलरेटर, अमक्या ट्रॅक्टरची स्टॉप केबल. नाव कानावर पडलं की हात आपोआप त्या खुंटीकडे जातो. बिननावाचं गिऱ्हाईक क्वचित येतं, पण आलं की त्या दिवशीची बाकीची कामं संध्याकाळवर जाणार हे ठरलेलं.

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात आमचं दुकान आहे. पुढे काउंटर, मागे केबल बनवायचे बेंच. बाबांनी सुरू केलं, आता मी बघते आणि बाबा खुर्चीत बसून माझ्याकडे बघतात. तयार माल विकतोच, पण मला गोडी मागच्या बेंचची. बंद झालेल्या मॉडेलांच्या केबली, पॉवर टिलरच्या, कुणाच्या जुन्या लेथच्या ब्रेकची.

एप्रिलातल्या त्या सकाळी शिरोळ तालुक्यातून एक काका आले. साठी उलटलेली, हातात खताचं पोतं, खिशात गाठी मारलेली सुतळी. पोतं काउंटरवर उपडं केलं. रिक्षाच्या जुन्या केबली, सायकलच्या, आणि एक चमत्कारिक प्रकरण: दोन क्लच केबली मध्ये लोखंडी ठोकळ्यानं जोडलेल्या आणि तो ठोकळा पाइपच्या तुकड्यात बसवलेला.

"गाडी कुठली, काका?" मी विचारलं.

"त्योच तर घोळ हाय, ताई. जयसिंगपूर, इचलकरंजी, समदी दुकानं झाली. जो त्यो इचारतोय, गाडी कुटली, मॉडेल कुटलं. गाडीच न्हाई. मी बनिवतोय."

त्यांनी सुतळी उलगडली. हँडलपासून इंजिनापर्यंत केबल जिथून जायची, तिथून फिरवून आणलेली. वळण आलं तिथं गाठ. टेपनं मोजली तर पंधरा फुटाला थोडी कमी. मोजमाप घ्यायची ही रीत मला फार आवडली. गिऱ्हाईकं अंदाजानं हात फाकून लांबी दाखवतात आणि मग केबल आखूड पडली म्हणून भांडायला येतात.

काका इचलकरंजीत यंत्रमागावर जॉबर होते. बाहेरच्यांना हा शब्द ठाऊक नसेल. माग बिघडला की दुरुस्त करणारा आणि चालता ठेवणारा तो जॉबर. काम सुटल्यावर गावी आले, वाट्याला आलेल्या शेतात ऊस लावला. लहान उसावर औषध मारायला पाठीवरचा पंप झेपेना, म्हणून घराच्या परड्यात फवारणीचं यंत्र उभं करायला घेतलं. भंगारातल्या रिक्षाचं इंजिन आणि गिअरबॉक्स मागे, तिथून चेननं चाकांना चाल, मध्ये दोनशे लिटरची टाकी, आणि माणूस पुढे उंचावर, म्हणजे सरी नजरेसमोर राहते. चाकं सरीतून चालणार, उसाची ओळ पोटाखालून जाणार.

रिक्षाचं इंजिन निवडलं यात डोकं होतं. त्यावर हवा मारणारा पंखा असतो, त्यामुळे यंत्र गोगलगायीच्या गतीनं चाललं तरी तापत नाही. गिअरबॉक्सला रिव्हर्स असतो. आणि रिक्षात इंजिन मागे, हँडल पुढे, म्हणून तिच्या केबली मोटरसायकलच्या मानानं मुळातच लांब. पण काकांच्या टाकीला वळसा घालून, वर चढून हँडलला पोचायला त्याही पुरेनात. त्यांना चार केबली हव्या होत्या: एक क्लचची, एक ॲक्सिलरेटरची, दोन गिअरच्या. रिव्हर्सचा दांडा मागेच ठेवला होता. "त्याला मी खाली उतरतो की. घाई कसली?"

लांबीची काळजी सोडा, असं मी त्यांना आधीच सांगितलं. आतली वायर ड्रमवर येते, आऊटर म्हणजे तिच्यावरचं बाहेरचं कवच गुंडाळीत येतं, कात्री लावायची तिथं लावा. तयार केबल मिळत नाही याचा अर्थ केबल मिळत नाही असा नाही. पण पंधरा फूट केबल कापून, दोन्ही टोकांना निप्पल, म्हणजे वायर अडकून राहायची धातूची गुंडी, लावून दिली असती, तर काका आठवड्यात ती परत घेऊन आले असते, हेही मला दिसत होतं. सुतळीवर पाच गाठी होत्या. पाच काटकोन.

आमच्याकडे भिंतीला एक जाड फळी आहे, भोकंच भोकं पाडलेली. त्यात बोल्ट अडकवून कुठल्याही गाडीतली केबलची वाट मांडता येते. कामाला घेणार होते त्याच जातीची, आत प्लास्टिकची नळी असलेली केबल पंधरा फूट कापली आणि आधी सरळ ताणली. एका टोकाला दहा किलोचं वजन, दुसऱ्या टोकाला ओढ किलोत दाखवणारा ताणकाटा. ओढल्यावर काटा अकराच्या आत राहिला. मग काकांच्या सुतळीप्रमाणे तीच केबल पाच वळणांतून नेली. वजन तेच. काटा बावीसच्या वर गेला.

काका पुढे सरकले, स्वतः ओढून बघितलं. "लांबी तर तेवढीच हाय की."

लांबीचा दोष नव्हताच. सरळ केबल पन्नास फूट असली तरी घर्षण फारसं वाढत नाही. वायर वळणावर आऊटरच्या आतल्या बाजूला दाबली जाते, आणि प्रत्येक वळण आधीच्या वळणानं वाढवून दिलेल्या ओढीला पुन्हा तितक्याच पटीनं वाढवतं. बेरीज होत नाही, गुणाकार होतो. पाच काटकोन म्हणजे साडेचारशे अंश. नळी चांगली असली तरी तेवढ्यात ओढ दुपटीच्या वर जाते. नळी नसलेल्या, गंजायला लागलेल्या केबलीत किती जाईल ते विचारू नका. वळण मोठ्या गोलाईचं घेतलं की झीज कमी होते, नळी कापत नाही, पण एकूण अंश तेवढेच राहिले तर ओढीत फार फरक पडत नाही. हे बऱ्याच मेकॅनिक लोकांनाही पटत नाही.

काकांना पटवावं लागलं नाही. "म्हंजी कासऱ्यावानी," ते म्हणाले. "बैल उधळला की कासरा झाडाला दोन येढं टाकायचा. मग पोरगंबी धरतंय त्याला."

इतक्या वर्षांत मला ही उपमा सुचली नव्हती. आणि ती नुसती उपमाही नाही. झाडाभोवतीच्या कासऱ्याचं आणि केबलीतल्या वायरचं गणित एकच आहे.

दुसरी भानगड दाखवायची राहिली होती. वजनाचं टोक शिकंज्यात पक्कं आवळलं आणि काकांना क्लचचा लिव्हर दाबायला सांगितला. त्या टोकाची वायर हलणं शक्यच नव्हतं, तरी लिव्हर चांगला आत गेला. "बघा, मधे आऊटर कसं हलतंय." अर्नेस्ट मॉनिंग्टन बोडेन या माणसानं 1896 साली या केबलचं पेटंट घेतलं, त्यातली युक्ती हीच: आतल्या वायरला जितकी ओढ, तितकाच आऊटरवर दाब. आऊटर म्हणजे शेजारी शेजारी वेढे घेतलेली पोलादी पट्टी. दाबली की थोडी मिटते, वळणावर फुगते. वायरही थोडी ताणते. दोन-तीन फुटांत हे जाणवत नाही. पंधरा फुटांत आमच्या फळीवर पाचेक मिलिमीटर वाटेतच जिरले. क्लचला मुळात ओढ लागते बारा-पंधरा मिलिमीटरची. म्हणजे क्लच अर्धवट सुटणार, गिअर कुरकुरत पडणार, प्लेटी जळणार.

त्यांच्या पोत्यात सायकलच्या केबली का होत्या ते इथं कळलं. कुणीतरी सांगितलं होतं की गिअरच्या सायकलचं आऊटर दबत नाही. खरं आहे ते. त्यातल्या तारा वेढ्यात नसून लांबीच्या दिशेनं असतात. पण त्यांना एकत्र धरून ठेवतं ते वरचं प्लास्टिक. जोराची ओढ आली की ते फाटतं, म्हणून सायकलच्या ब्रेकलासुद्धा ते वापरत नाहीत. क्लचला कुठून चालणार? जोडाचा ठोकळा पाइपात तिरका होऊन अडकत होता, त्यावर बोलायला नको म्हणून मी तो परत पोत्यात टाकला.

मी खडूनं फरशीवर त्यांच्या यंत्राचा आराखडा काढला. हँडलपासून खाली तीन फूट, मग चॅसीच्या बाजूनं नऊ फूट जवळजवळ सरळ, पुढे इंजिनापर्यंत अडीच-तीन फूट. वळणं सगळी दोन टोकांना आणि टाकीपाशी. टाकी चार इंच सरकवली तर मधली दोन वळणं जाणार होती. काका उकिडवे बसून ते चित्र बराच वेळ बघत राहिले.

"ताई, मधी केबल कशाला?" ते म्हणाले. "मागात केबल कुटं असती? समदं दांड्या आनि तरफा. मधी दांडीच टाकू की."

मी त्यांना हेच सुचवणार होते, पण त्यांनी तोंडातून काढून घेतलं ते बरं झालं. केबल बनवणारीनं केबल नको म्हणणं कानाला बरं वाटत नाही. क्लचला पुढे एक आखूड केबल, तिथं चॅसीवर काटकोनी तरफ, मग आठ मिलिमीटरचा सळईचा दांडा, मागे दुसरी तरफ, तिथून इंजिनापर्यंत आखूड केबल. दांडा दबत नाही, फुगत नाही. तरफेचा एक हात किंचित लांब ठेवला तर वाटेत जिरलेले मिलिमीटरही भरून निघतात.

मग आम्ही गिअरवर आलो. मी दोन केबलींचा हिशेब मांडत होते. गिअरला दोन केबली असतात कारण केबल फक्त ओढते. एक वर नेते, दुसरी खाली. मी लिहीत असताना काका एकदम हसायला लागले.

"दोन कशाला पायजेत? दांडी वडतीया बी आनि ढकलतीया बी."

बाबा खुर्चीतून उठून आले. मी वही मिटली. इतकी साधी गोष्ट, पण आमच्या धंद्यात गिअरच्या चकतीवर दोन हुकं दिसली की दोन केबली, हा हाताला लागलेला हिशेब. फक्त एक दुरुस्ती मला करावी लागली. काका तिथंही आठ मिलिमीटरची सळई टाकायला निघाले होते. ओढताना ती ट्रॅक्टर ओढेल, पण ढकलताना आठ फुटांची इतकी बारीक सळई सात-आठ किलोतच कमानीसारखी वाकते. तिथं अर्ध्या इंचाचा जीआय पाइप घ्या, टोकांना आटे पाडून बॉल जॉइंट लावा. वजनानं थोडा जड, पण वाकायचं नाव घेत नाही. मागच्या टोकाला हा पाइप थेट गिअरच्या चकतीला जोडायचा. काकांनी पोत्यावरच पेननं लिहून घेतलं.

अखंड पंधरा फुटाची केबल एकच उरली, ॲक्सिलरेटरची. तिला ओढ कमी लागते, त्यामुळे चालतं. धोका वेगळा असतो: कार्बोरेटरची स्प्रिंग एवढ्या लांब वायरला परत ओढताना कमी पडते आणि हँडल सोडलं तरी इंजिन चढलेलंच राहतं. उसात, उंच बसून, हे नको. म्हणून कार्बोरेटरपाशी एक जादा स्प्रिंग द्यायची ठरली, आणि दर दीड फुटाला क्लिप, आऊटर चेपणार नाही इतकीच घट्ट.

वायर मी स्टेनलेसची घेतली. जस्ताचा मुलामा दिलेली वायर स्वस्त असते आणि निप्पलला कथील सहज धरते, पण फवारणीच्या यंत्रावर मोरचूद, युरिया सगळंच उडणार. मुलामा महिन्यांत जाईल. स्टेनलेसला कथील धरायला ॲसिडचं फ्लक्स लागतं आणि नंतर ते धुऊन काढावं लागतं, एवढाच त्रास. वायर निप्पलमधून काढली, टोकाच्या तारा पिंजून फुलवल्या, मागे ओढून निप्पलच्या खळग्यात बसवल्या आणि कथलाच्या भांड्यात बुडवल्या. गॅसची ज्योत लावायची नाही. वायर ताकदवान असते ती खेचून कडक केल्यामुळे. लाल केली की मऊ पडते आणि निप्पलच्या तोंडाशी तुटते. बाजारातून तुटून येणाऱ्या घरगुती केबली नव्वद टक्के तिथंच तुटलेल्या असतात असं बाबा म्हणतात. टक्का त्यांचा आहे, मोजलेला कुणी नाही, पण माझ्या बेंचवर तरी तसंच दिसतं.

क्लचच्या दोन आखूड केबली, एक लांब ॲक्सिलरेटर. तरफा मी करत नाही, त्या मागच्या गल्लीतल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून सहा मिलिमीटरच्या पट्टीतून कापून घ्यायला सांगितल्या. चार लांब केबलींची तयारी ठेवून आलेल्या काकांनी बिल बघितलं आणि पुन्हा बघितलं. "एवढंच?" बाबा माझ्याकडे रोखून बघत होते. काका गेल्यावर म्हणाले, "असली आणखी दहा गिऱ्हाइकं आली तर दुकान लोखंडाचं काढावं लागंल."

पाऊस सुरू व्हायच्या आत फोन आला. टाकी सरकवली होती. क्लच दोन बोटांनी दबतो म्हणाले, पहिला गिअर मात्र जरा ओढून टाकावा लागतो. पाइपाचा आटा दोन फेरे फिरवा म्हटलं, तिथल्या तिथं फोन हातात धरून फिरवला आणि बसला. आता त्यांना फवाऱ्याचा नळ सीटवरून चालू-बंद करायचा होता, सरीच्या टोकाला वळताना औषध वाया जातं म्हणून. "त्याला किती फुटी केबल लागंल?"

नळाला स्प्रिंग आहे का विचारलं. आहे म्हणाले.

"मग केबल नको," मी म्हटलं, "नायलॉनची दोरी आणा. वाण्याकडं मिळेल."