पोस्टर स्पर्धेची तयारी : एका कलाशिक्षिकेचा अनुभव

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे १५ जानेवारी २०२५ रोजी, मुख्याध्यापकांनी मला कार्यालयात बोलावून त्यांच्या मोबाइलवर आलेले एक परिपत्रक दाखवले. ‘सुरक्षित आणि जबाबदार इंटरनेट वापर’ या विषयावर शालेय विद्यार्थ्यांसाठी पोस्टर स्पर्धा होती. पाचवी ते सातवी आणि आठवी ते दहावी असे दोन गट होते आणि प्रत्येक शाळेने प्रत्येक गटातून जास्तीत जास्त पाच पोस्टर्सची छायाचित्रे ५ फेब्रुवारीपर्यंत पाठवायची होती. निकाल ११ फेब्रुवारीला, सुरक्षित इंटरनेट दिनी, जाहीर होणार होता. युरोपात २००४ मध्ये सुरू झालेला हा दिवस आता अनेक देशांत फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यातील मंगळवारी पाळला जातो, हे मला त्या परिपत्रकामुळेच कळले. “मॅडम, दहाच्या दहा चित्रे गेली पाहिजेत,” असे सरांनी सांगितले आणि मीही उत्साहाने होकार दिला. आमची शाळा अमळनेर तालुक्यातील एका गावात आहे. गावाचे आणि मुलांचे नाव मी लिहीत नाही. त्याचे कारण पुढे येईलच.

बावीस मुलांनी नावे दिली. पहिल्या शनिवारी मी त्यांना वहीच्या पानावर कच्चे आराखडे काढायला सांगितले आणि तासाभराने पाहिले, तेव्हा सतरा पानांवर एकच चित्र होते : टोपीचे जर्किन घातलेला, चेहरा अंधारात असलेला एक माणूस, त्याच्यासमोर लॅपटॉप, आणि आजूबाजूला कुलूप, कोळ्याचे जाळे आणि पृथ्वीचा गोल. हा माणूस तुम्ही कुठे पाहिला, असे विचारल्यावर “नेटवर” असे एकमुखाने उत्तर आले. आमच्या गावात जानेवारीच्या पहाटे डेअरीवर दूध घालायला जाणारे निम्मे लोक तसेच दिसतात, असे मी म्हटल्यावर वर्ग हसला. पण मला काळजी वाटली. ज्याची भीती दाखवायची तो चोर मुलांच्या ओळखीचाच नव्हता, आणि ज्याला सावध करायचे तो माणूसही चित्रात कुठे नव्हता. मी फळ्यावर यादी लिहिली : टोपीवाला, कुलूप, जाळे, पृथ्वी, साखळदंड. या पाच वस्तू आपल्या चित्रांत येणार नाहीत.

त्यानंतर मी प्रत्येकाला एक कोरी चिठ्ठी दिली आणि गेल्या वर्षभरात घरातल्या फोनवर घडलेली, वाईट वाटलेली किंवा घाबरवणारी एक गोष्ट नाव न घालता लिहायला सांगितली. घरातला फोन म्हणजे बहुधा वडिलांचा. शेतातून आल्यावर तो तासभर मुलांच्या हाती येतो आणि त्या तासाभरात अभ्यास, गेम आणि वर्गमित्रांचा ग्रुप असे सगळे उरकले जाते. त्या बावीस चिठ्ठ्या मी घरी आणून दोनदा वाचल्या. कुणाच्या वडिलांना ‘आज रात्री वीज कापली जाईल, या क्रमांकावर फोन करा’ असा संदेश आला होता. गेममधले हिरे फुकट मिळतील म्हणून कुणी दुव्यावर पासवर्ड भरला होता आणि दोन वर्षे खेळून जमवलेले खाते गमावले होते. एका मुलाच्या काकांना पोलिसांच्या वेशातील माणसाने व्हिडिओ कॉलवर तीन तास बसवून ठेवले होते. आठवीतील एका मुलीच्या आजोबांची पिठाची गिरणी आहे. गिरणीची जुनी मोटर विकायची होती, तेव्हा गिऱ्हाइकाने ‘पैसे पाठवतो, हा कोड स्कॅन करा आणि पिन टाका’ असे सांगितले आणि आजोबांच्या खात्यात पैसे यायच्या ऐवजी खात्यातलेच चार हजार रुपये गेले.

एक चिठ्ठी मात्र वेगळी होती. ‘मी एका मुलीच्या गॅदरिंगच्या फोटोचं स्टिकर बनवून ग्रुपवर टाकलं. सगळे हसले. ती दोन दिवस शाळेत आली नाही.’

ही चिठ्ठी वाचल्यावर स्पर्धेच्या नावातला दुसरा शब्द मला पहिल्यांदा नीट दिसला. ‘सुरक्षित’ या शब्दावर आम्ही सगळे अडून बसलो होतो, कारण त्यात आपण नेहमी भला माणूस असतो आणि वाईट कुणीतरी दुसरा. ‘जबाबदार’ या शब्दात ती सोय नाही. एकवीस मुलांनी आपल्यावर काय ओढवले ते लिहिले होते, आणि आपण काय केले ते एकानेच लिहिले होते. अडचण अशी की चिठ्ठीवर नाव नसले तरी मी त्याला ओळखले. अक्षरलेखन शिकवणाऱ्या माणसाला मुलांची हस्ताक्षरे चेहऱ्यांसारखी ओळखू येतात. ‘ळ’ची दुसरी गाठ उघडी सोडणारा आमच्या शाळेत एकच मुलगा आहे. नाव घालू नका, असे सांगताना हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. म्हणजे गुप्ततेचे आश्वासन देऊन ते मोडण्याची व्यवस्था मीच करून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी मी त्याला एकट्याला बोलावून तुझे अक्षर मला कळले आहे, हे आधी सांगितले, आणि मग आम्ही बोललो. स्टिकर त्याने कधीच काढून टाकले होते. पण इतरांनी ते आपापल्या फोनवर जतन केले होते आणि आपण आपल्याकडचे पुसले म्हणून दुसऱ्याकडचे पुसले जात नाही, हे त्याला मी शिकवण्याची गरज नव्हती.

माहितीची बाजू मी त्या आठवड्यात घोकून घेतली, कारण पोस्टरवर चुकीचा मजकूर गेला तर ते चित्र नसलेले बरे. आर्थिक फसवणूक झाल्यास १९३० हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे आणि तिथे जितक्या लवकर फोन करावा तितकी पैसे वाटेतच रोखले जाण्याची शक्यता अधिक असते. गिरणीवाल्या आजोबांनी लाजेपोटी कुणालाच सांगितले नव्हते. मुलांच्या कोणत्याही संकटासाठी १०९८ आहे. राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलवर महिला आणि मुलांविरुद्धच्या गुन्ह्यांची तक्रार नाव न देताही करता येते. यूपीआयने पैसे स्वीकारायला पिन लागत नाही, पिन पैसे देताना लागतो. काकांना बसवून ठेवले तशी, व्हिडिओ कॉलवरची ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची अटक भारतीय कायद्यात कुठेच नाही. तीन महिन्यांपूर्वी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, पंतप्रधानांनीही रेडिओवरील भाषणात तसे सांगितले होते. काकांची चिठ्ठी लिहिणाऱ्या मुलाने हेच चित्र घेतले : घरातल्या बाजेवर बसलेला घामाघूम माणूस, समोर उभा केलेला फोन, आणि मागे सताड उघडे दार. दार उघडे ठेवण्याची कल्पना पूर्णपणे त्याची होती.

खरे कष्ट अक्षरांसाठी पडले. मुले घोषवाक्य म्हणजे यमक समजतात आणि यमकासाठी अर्थाचा बळी देतात. शिवाय देवनागरीत ओळ आखताना शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा आणि रफार यांना, तर खाली उकारांना जागा सोडावी लागते. ती न सोडल्याने ‘सुरक्षित’ची वेलांटी चित्रातल्या माणसाच्या कानात शिरली आणि ‘पासवर्ड’चा रफार कागदाबाहेर गेला. अर्ध्या इंपिरियल कागदावर, म्हणजे १५ बाय २२ इंचांवर, सात शब्दांपेक्षा जास्त मजकूर नको, असा मी नियम केला. दर संध्याकाळी आम्ही कागद व्हरांड्याच्या खांबाला लावून ध्वजस्तंभापाशी उभे राहून पाहत असू. तिथून जे वाचता येत नाही ते पुन्हा लिहायचे. या कसोटीत पिवळ्यावर पांढरी अक्षरे लिहिणारे सगळे नापास झाले.

गिरणीच्या मुलीचे पोस्टर तयार होताना दोन वाद झाले. तिने गिरणी काढली होती : वरून धान्याऐवजी नोटा पडत आहेत आणि खालचा डबा रिकामा आहे. घोषवाक्य तिने घरच्या अहिराणीत लिहिले : ‘पैसा लेवाले पिन लागत नही.’ प्रमाण मराठीत लिहावे, असे मराठीच्या सरांचे मत पडले. तिचे उत्तर असे होते की आजोबांना जे सांगायचे ते आजोबा बोलतात त्याच भाषेत सांगायला हवे. दुसरा वाद मदत क्रमांकाचा होता. मी अंक देवनागरीत काढायला सांगितले होते, ती म्हणाली, “मॅडम, आजोबांना फोनच्या बटणावरचे आकडे जुळवून लावावे लागतात.” दोन्ही वादांत मी तिच्या बाजूने गेले, पहिल्यात आनंदाने आणि दुसऱ्यात थोडी ओशाळून.

स्टिकरवाल्या मुलाने मात्र शेवटपर्यंत आराखडा दाखवला नाही. ३० जानेवारीला त्याने पूर्ण झालेला कागदच आणून टेबलावर ठेवला. वर्गाचा सामूहिक फोटो होता. सगळी मुले दात काढून हसत होती आणि मधल्या रांगेतली एक आकृती कापून काढलेली होती. तिच्या जागी स्टिकरला असते तशी जाड पांढरी किनार आणि आत कोरा कागद. सगळ्यांचे डोळे त्या कोऱ्या जागेकडे वळलेले होते. खाली चार शब्द : ‘कापताना विचारलं होतंस का?’ अठरा वर्षे मी शाळेत चित्रकला शिकवते आहे आणि विद्यार्थ्याच्या हातचे इतके नेमके पोस्टर मी त्याआधी पाहिलेले नव्हते. हे पहिले येणार, अशी माझी खात्री होती, आणि ती खात्री झाल्याबरोबर माझी बुद्धी थोडी फिरली हेही कबूल करायला हवे. चेहरा नाही, नाव नाही, तर अडचण काय, असा युक्तिवाद मी मनात तयार करून ठेवला होता.

तरीही त्या मुलीला विचारायचे ठरले. त्याने तिची माफी अजून मागितली नव्हती. ती त्याने वर्गशिक्षिकांच्या समोर मागितली. मग मी तिला आणि तिच्या आईला चित्र दाखवले. आईला ते आवडले. मुलगी बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, “चित्र चांगलं आहे मॅडम, पण पाठवू नका. आत्ता कुठे सगळे विसरले आहेत.” तुझा चेहरा तर यात नाहीच, असे म्हणण्यासाठी माझे तोंड उघडले होते. तेवढ्यात ती म्हणाली, “मधल्या रांगेत डावीकडून तिसरी मीच असते, हे शाळेत सगळ्यांना माहीत आहे.” मी कागदाची गुंडाळी केली. बाहेर उभ्या असलेल्या मुलाला सांगितले, तेव्हा त्याने फक्त मान हलवली आणि उरलेले दिवस इतरांच्या पोस्टर्सना समास आखून देण्यात घालवले. मोठ्या गटातून आमची चारच पोस्टर्स गेली. सरांनी दहाव्याबद्दल विचारले; मी कारण सांगितले आणि ते त्यावर पुढे काही बोलले नाहीत, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

पाठवण्याची पायरी सर्वांत सोपी असेल, अशी माझी समजूत होती. ऑनलाइन अर्जात पोस्टरच्या छायाचित्राबरोबर विद्यार्थ्याचे पूर्ण नाव, जन्मतारीख, घरचा पत्ता, पालकांचा मोबाइल क्रमांक आणि विद्यार्थ्याचे पोस्टरसह छायाचित्र मागितले होते. संगणक कक्षात माझ्या शेजारी बसलेल्या सातवीच्या मुलीच्या पोस्टरवर ‘जन्मतारीख केकवर लिहा, नेटवर नाही’ असे वाक्य होते. तिने पडद्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिले. मी आयोजकांना फोन केला. समोरच्या गृहस्थांनी अतिशय नम्रपणे “सगळ्या शाळा भरतात, मॅडम” असे सांगितले. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक धरली आहे आणि तिच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक मानली आहे. त्याच्या नियमांचा मसुदा त्याच जानेवारीत प्रसिद्ध झाला होता. कायदा पूर्णपणे अमलात यायचा होता, म्हणून मी तो त्यांना ऐकवला नाही. नऊ पालकांकडून लेखी संमती घेतली, जन्मतारखेऐवजी इयत्ता लिहिली, मोबाइलच्या जागी शाळेचा क्रमांक दिला आणि मुलांच्या छायाचित्राच्या चौकटीत पोस्टरचेच छायाचित्र पुन्हा जोडले. अर्ज स्वीकारला गेला. म्हणजे त्या माहितीची गरज मुळात नव्हतीच.

११ फेब्रुवारीला बारावीची परीक्षा सुरू झाली आणि शाळेतही सगळी चर्चा तिचीच होती. त्यात निकाल दुपारी आला. उघड्या दाराच्या पोस्टरला उत्तेजनार्थ बक्षीस मिळाले. गिरणीच्या पोस्टरवर ‘भाषा प्रमाण असावी’ असा शेरा होता. पहिल्या क्रमांकाच्या चित्रात पृथ्वीचा गोल, साखळदंड आणि कुलूप होते. रंगकाम खरोखर सुरेख होते. विजेत्यांच्या यादीत मात्र प्रत्येक मुलाच्या नावापुढे पालकांचा मोबाइल क्रमांक छापलेला होता आणि ती यादी तासाभरात शिक्षकांच्या चार ग्रुपवर फिरली होती. आमच्या मुलापुढे शाळेचा क्रमांक होता, तरी मी पुन्हा फोन केला. संध्याकाळी क्रमांक काढलेली नवी यादी आली. जुनी ज्यांच्या फोनवर गेली ती गेलीच.

गिरणीचे पोस्टर आता गिरणीत आहे. पहिल्याच आठवड्यात आजोबांनी वर बसलेले पीठ ओल्या फडक्याने पुसले आणि पोस्टर कलर पाण्याने निघत असल्याने १९३० मधला शून्य पुसला गेला; नातीने तो पुन्हा रंगवून वर प्लॅस्टिक लावले. एप्रिलच्या शेवटी, सुट्टी लागण्याच्या आदल्या दिवशी, तो स्टिकरवाला मुलगा माझ्याकडे आला आणि आपले चित्र त्या मुलीला देता येईल का, असे त्याने विचारले. मी तिला विचारून आले. ती हो म्हणाली. त्याने वर्तमानपत्रात गुंडाळलेला कागद तिच्या हाती दिला आणि दोघेही काही न बोलता आपापल्या वाटेने गेले. पुढे तिने त्याचे काय केले, हे मी विचारलेले नाही.