रुमालाखालचा भाव

मोटारीच्या शोरूममध्ये भाव कुणी तोंडाने सांगत नाही. आधी पाणी येतं, मग मशीनची कॉफी, मग टॅबवर रंग. शेवटी न राहवून आपण "फायनल किती?" असं विचारतो. समोरचा मुलगा कॅल्क्युलेटर पुढे ओढतो, पाच-सहा बटणं दाबतो आणि काही न बोलता तो आपल्याकडे वळवतो. आपण आकडा बघायचा, बायकोला दाखवायचा, ओठ जरा मुडपायचे आणि कॅल्क्युलेटर परत त्याच्याकडे सरकवायचा.

दुसऱ्या फेरीला मला आजोबा आठवले. ते खेड तालुक्यातले. बैल घ्यायचा तर शनिवारी चाकणचा बाजार. दलाल हातावर रुमाल टाकायचा आणि त्या रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचा. भोवती वीस माणसं उभी असली तरी कुणाला पत्ता लागायचा नाही. शेजारच्याला किती पडलं हे कळू द्यायचं नाही, एवढंच त्या रुमालाचं काम. आज त्याच चाकणच्या आसपास मर्सिडीज, फोक्सवॅगन आणि महिंद्र यांचे कारखाने आहेत आणि रुमालाचं काम कॅल्क्युलेटरकडे आलं आहे. आमच्या शेजारच्या टेबलावर एक जोडपं तीच गाडी, तेच मॉडेल घेत होतं. त्यांना कितीला पडली, देव जाणे.

मी मुद्दाम पितृपक्षात गेलो होतो. पंधरवड्यात शोरूम ओस असतात, त्यामुळे घासाघीस करायला बरं पडतं, असा माझा हिशेब. पण 2025 सालच्या पितृपक्षात सरकारनेच माझ्यावर कडी केली. 22 सप्टेंबरला, म्हणजे नेमकं घटस्थापनेला, छोट्या गाड्यांवरचा जीएसटी उतरणार हे जाहीर झालेलं. आमची गाडी चार मीटरच्या आतली, बाराशे सीसीच्या आतली पेट्रोल. अठ्ठावीस टक्के अधिक एक टक्का सेस जाऊन सरळ अठरा टक्के. आठ लाखांची गाडी अडुसष्ट हजारांनी खाली. आरटीओचा अकरा टक्के कर किमतीवरच, तोही त्या मानाने उतरणार. त्यामुळे पितर असोत-नसोत, कुणीच गाडी घरी नेत नव्हतं. सगळे घटाची वाट बघत होते, सेल्समनसुद्धा.

गंमत म्हणजे ते अडुसष्ट हजार न मागता मिळाले, त्यामुळे त्यांचं मला काडीचं कौतुक वाटलं नाही. पुढे पायपुसण्या फुकट मिळवल्या, ते मात्र मी अजून लोकांना सांगतो.

घासाघिशीचा खरा त्रास हा की गाडीची मूळ किंमत जागची हलत नाही. ती एक्स-शोरूम, कंपनीने ठरवलेली, देवळातल्या कळसासारखी वर. हलतं ते सगळं तिच्या खालचं. कोटेशनच्या कागदावर अकरा ओळी होत्या. एक्स्टेंडेड वॉरंटी, बेसिक किट, कोटिंग, फास्टॅग, आणि एक ओळ 'हँडलिंग चार्जेस – 5,500'.

"अहो, हँडलिंग म्हणजे नक्की काय हाताळता तुम्ही?" बायकोने विचारलं.

"मॅडम, यार्डातून गाडी शोरूमला आणतो ना."

"मग? वाणी साखर दुकानात आणतो, त्याचं भाडं घेतो का आमच्याकडून?"

मुलगा चोविसेक वर्षांचा, बार्शीकडचा. त्याला हसू आलं, ते त्याने कॉलरमध्ये लपवलं. "सरांशी बोलून येतो," म्हणाला आणि काचेच्या केबिनमध्ये गेला. काच असल्यामुळे आम्हाला सगळं दिसत होतं. सर डबा खात होते. मुलगा दाराशी उभा राहिला, मोबाइलवर काहीतरी वाचलं, सरांनी त्याला पोळीचा तुकडा दाखवून काहीतरी विचारलं, तो नको म्हणाला. दोन मिनिटांनी बाहेर आला. चेहरा युद्धावरून परतल्यासारखा. "मॅडम, सर ऐकतच नव्हते. फक्त तुमच्यासाठी." हँडलिंगवर आडवी रेघ.

मग इन्शुरन्स. कागदावर 41,300. मी आदल्या रात्री बाहेर चौकशी केली होती, तीच कव्हरं 29,800 ला मिळत होती. यातला तीन वर्षांचा थर्ड पार्टीचा भाग सरकारने ठरवलेला, आमच्या इंजिनाला 10,640. त्याला कुणीच हात लावू शकत नाही, म्हणजे साडेअकरा हजारांचा फरक उरलेल्या भागातला. विमा कुणाकडूनही घ्यायला आपण मोकळे असतो, पण हे बोललं की शोरूममध्ये हवा बदलते. कॉफी विचारायचं बंद होतं. "बाहेरून घेतला तर क्लेमला त्रास होतो, सर." मग, "तसं असेल तर डिस्काउंट कमी होईल." अरे, गाडीवर देतोस ना डिस्काउंट, की विम्यावर? पण मी हे मनात म्हणालो. तोंडाने म्हणालो, "बघू."

खरा डाव बायकोने टाकला. "गाडी कोणत्या महिन्यात बनलीये?"

शांतता. आजोबा बैलाचं वय कळायला त्याचा जबडा उघडून दात मोजायचे. दुसा, चौसा की जुळलेला, बैलवाला काहीही सांगो, दात खोटं बोलत नाहीत. गाडीचे दात म्हणजे चासी नंबर. मुलाने तो सिस्टिममध्ये टाकला आणि गाडी निघाली एप्रिलची. सप्टेंबरच्या मध्यात एप्रिलची गाडी म्हणजे पाच महिने यार्डात उन्हापावसात उभी. कॅल्क्युलेटर आता आपणहून आमच्याकडे आला, आणि या वेळी आकडा मी ओठ मुडपायच्या आतच चौदा हजारांनी उतरला होता. "नाहीतर ऑगस्टची देतो, पण मग डिस्काउंट नाही," मुलगा म्हणाला. पहिल्यांदाच खरं बोलला असं वाटलं. आम्ही एप्रिलची घेतली, बॅटरी आणि टायर नीट तपासून. विमा बाहेरूनच.

सौदा मिटल्यावर आजोबा बैलाबरोबर कासराही मागून घ्यायचे. मी उठता उठता म्हणालो, "मॅट्स तेवढ्या टाका." मुलगा हो म्हणाला. फारच पटकन हो म्हणाला, तेव्हा आणखी काहीतरी मागायला हवं होतं असं वाटून रात्रभर चुटपुट लागली.

दसऱ्याला डिलिव्हरी. अठ्ठावीस गाड्या रांगेत, एकच गुरुजी, चाकाखाली लिंबं फुटताहेत, पुठ्ठ्याची तीन फुटी किल्ली या हातातून त्या हातात. फोटो झाला, पेढे झाले. मुलाने मला जरा बाजूला बोलावलं. मला वाटलं, कंपनीचा फोन येईल तेव्हा दहापैकी दहा द्या म्हणणार. त्याने तेही सांगितलं. मग आजूबाजूला बघून हळूच म्हणाला, "सर, बाहेर तुम्हाला इन्शुरन्स कितीला पडला? भावाला गाडी घ्यायचीये."

सर दारातच उभे होते. मी मोबाइल काढला, आकडा टाइप केला आणि स्क्रीन त्याच्याकडे वळवली.