चटणी नंतर आणा

सोलापुरात चार-पाच जण क्राफ्ट बिअरची, म्हणजे छोट्या ब्रुअरीत थोड्या प्रमाणात केलेल्या बिअरची, चव बघायला बसले की पहिला घात शेंगाचटणी करते. ग्लासात दोन बोटं फेस उभा असतो, कुणीतरी चटणीचा घास घेऊन ओठ टेकवतो आणि बघता बघता फेस बसतो. नावं मात्र बिअरला ठेवली जातात. माल्टमधली (मोड आणून वाळवलेल्या धान्यातली) प्रथिनं आणि हॉप्स या फुलांमधले कडू घटक मिळून बुडबुड्यांभोवती जो पातळ पडदा धरतात, त्याला शेंगदाण्याचं तेल सोसत नाही. मिशीला लागलेलं तेलसुद्धा पुरतं.

ग्लास घासण्यातही तेच. साबण लावून, स्वयंपाकघरातल्या फडक्यानं पुसून लखलखीत केलेला ग्लास बिअरच्या कामाचा नाही. साबण पूर्ण निघेपर्यंत पाण्यानं विसळायचा आणि उपडा ठेवून वाळू द्यायचा. शंका आली तर ओल्या ग्लासात आतून चिमूटभर मीठ भुरभुरावं. जिथं मीठ धरत नाही तिथं तेल आहे. बिअर ओतल्यावर काचेला बुडबुडे चिकटून बसले तरी ती जागा अस्वच्छच समजायची. ते बुडबुडे दाखवून ‘बघ बे, गॅस किती आहे’ म्हणणारा एक जण प्रत्येक मैफलीत असतो. त्याला बोलू द्यावं.

मग थंडीचा वाद. बेचाळीस अंशांच्या गावात ‘चिल्ड’ हाच गुण मानला जातो, त्याला इलाज नाही. पण चार अंशांखाली जीभ बधिर होते आणि वासही वर येत नाही. मग महागाची बिअर आणि साधी बिअर सारखीच लागते. नेहमीची लागर पाच ते सात अंशांवर, हॉप्स जास्त घातलेली कडवट आयपीए आठ-दहावर आणि काळपट स्टाउट दहा-बारावर प्यावी. मे महिन्यात त्यासाठी काही करावं लागत नाही, स्टाउट टेबलावर ठेवून गप्पा माराव्यात. फ्रीझरमध्ये मात्र बाटली विसरू नये. बर्फ फुगतो, काच फुगत नाही.

खरी नासाडी त्याच्या आधीच झालेली असते. बिअरवाल्यांचा एक ठोकताळा आहे: ३२ अंशांत तीन दिवस, २२ अंशांत तीस दिवस आणि ३ अंशांत तीनशे दिवस बिअर सारखीच म्हातारी होते. भारतातल्या सुरुवातीच्या मायक्रोब्रुअऱ्यांपैकी, म्हणजे छोट्या बिअर कारखान्यांपैकी, एक २००९ मध्ये पुण्यात सुरू झाली, आजही चांगला माल तिकडूनच येतो, आणि वाटेत अडीचशे किलोमीटर ऊन. उन्हाळ्यात डिकीत घालून आणलेल्या आयपीएचा हॉप्सचा वास आधी जातो, मग ओल्या पुठ्ठ्याची चव येते. कॅनच्या बुडावरची तारीख वाचावी आणि तिच्यावरही फार विश्वास ठेवू नये.

५०० मिलीचा कॅन पाच जणांत १०० मिलीप्रमाणे पुरतो. क्रम फिकटाकडून गडदाकडे, कमी कडवटाकडून जास्त कडवटाकडे. आयपीए आधी घेतली तर नंतरची गव्हाची बिअर पाण्यासारखी लागते. मधे तोंड स्वच्छ करायला लोक बिस्किटं आणतात. कडक भाकरी कितीतरी बरी, मात्र तीळ न लावलेली. (ज्वारीची बिअरही होते, आफ्रिकेत घरोघर करतात. ज्वारीचा स्टार्च सत्तर अंशांच्या आसपास फुलतो आणि तेवढ्या उष्णतेत बार्लीच्या माल्टमधली साखर करणारी एन्झाइम्स तग धरत नाहीत, म्हणून ज्वारी आधी वेगळी शिजवून, निववून मग माल्टमध्ये घालावी लागते. मंगळवेढ्याची मालदांडी शेजारी पिकत असताना हा उद्योग इथं कुणी मनावर घेऊ नये, हे जरा अतिच.)

वास ओळखताना ग्रेपफ्रूट, पाइन असली परदेशी यादी घेऊन बसू नये. पपनस म्हणावं. बव्हेरियन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरमध्ये तर सगळा आपलाच मामला: पिकलं केळं आणि लवंग. आत केळंही नसतं नि लवंगही नसते, दोन्ही यीस्टची करणी. आंबवणं जास्त उबेत झालं की केळं वर येतं. माल्ट भिजवताना पंचेचाळीस अंशांपाशी थोडा मुक्काम केला की लवंग. आणि लवंग नाकात शिरली की ज्यांची दाढ लहानपणी रात्री-अपरात्री दुखली आहे ते सगळे क्षणभर गप्प होतात. कापसाचा बोळा, कडू-तिखट तेल, ‘तोंड मिटून पड’ म्हणणारी आजी, आणि बधिर झालेली अर्धी जीभ. नंतर कुणीतरी म्हणतं, चांगली आहे. चव न घेताच. बेल्जियन विटबिअरमध्ये मात्र खरेच धने आणि संत्र्याची साल असते, ते कुणालाही ओळखता येतं.

‘मी डोळे मिटून ओळखतो’ म्हणणाऱ्यासाठी स्टीलचे ग्लास काढावेत, रंग दिसत नाही. तीन ग्लास, दोनांत एकच बिअर, तिसऱ्यात वेगळी, प्रत्येकी ५० मिली. वेगळा कुठला ते सांगायचं. पाचांपैकी एक-दोघांचं नुसत्या अंदाजानंही बरोबर येतं. चौघांचं आलं तरच दोन बिअरींत फरक आहे असं धरावं. थोड्या नमुन्यांवरून कितपत बोलावं याचं गणित १९०८ मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावानं मांडणारा गॉसेट गिनेस ब्रुअरीतच नोकरीला होता. छातीठोक बोलणाऱ्यांचा त्यालाही ताप झाला असावा.

आता चटणी आणा. तिखटावर कडवट आणि स्ट्राँग बिअर घेतली तर आग वाढते, म्हणून आयपीए नको; किंचित गोडसर, पाच टक्के अल्कोहोलच्या आतली गव्हाची बिअर चटणीसमोर टिकते. फेस गेला तर जाऊ दे.

फक्त एक हिशेब उरतो. पाच कॅनमधले शंभर-शंभर मिली म्हणजे साडेपाच टक्क्यांच्या अर्ध्या लिटरभर बिअरमधून साधारण बावीस ग्रॅम अल्कोहोल. गाडी चालवायला कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅम आहे आणि सत्तर किलोचा माणूस एवढ्यात ती सहज ओलांडतो, मग त्यानं ‘नुसती चव’ का घेतलेली असेना. किल्ल्या पहिल्या ग्लासाआधीच गोळा कराव्यात. नंतर कुणी देत नाही.