मला विचारलं होतंस?

आज लेकीने माझ्या प्रोफाइलवर खाली खाली जात स्वतःचा ३ वर्षांची असतानाचा फोटो शोधून काढला. टबात बसलेली, तोंडभर फेस. "हा टाकताना मला विचारलं होतंस?" आता १४ची आहे. म्हटलं, "अगं, तेव्हा तुला काय कळत होतं!" "म्हणूनच तर," ती म्हणाली. मी गप्प.

मग वाचत बसले. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क करारातलं १६वं कलम मुलांच्या खासगी आयुष्यात मनमानी ढवळाढवळ नको म्हणतं. २०२१मध्ये बालहक्क समितीने हे हक्क डिजिटल जगातही कसे लागू होतात ते सविस्तर लिहिलंय. युरोपातल्या जीडीपीआर या माहिती-संरक्षण कायद्यानुसार तर लहानपणी संमती देऊन कंपनीकडे गेलेली माहिती मोठेपणी पुसून मागता येते. इथे संमती तरी कुठे होती? मीच परस्पर सगळं टाकलेलं. वाढदिवस, शाळेचं नाव, गणवेशातले फोटो, सगळं!

संध्याकाळी दोघींनी मिळून एकेक फोटो पाहिला. ३७ उडवले. एक मात्र तिने ठेवायला लावला, ज्यात माझे केस पार विस्कटलेत.

"मला विचारलंस?" म्हटलं, तर नुसती हसली.