बदल्यात काय घेशील?

शनिवार, रात्री साडेदहा

आज पुन्हा गाड्यांच्या अदलाबदलीसाठी त्या गृहस्थांचा फोन आला. ‘घाई करत नाही, पण उद्या संध्याकाळपर्यंत कळवलंत तर बरं पडेल,’ एवढंच म्हणाले. माणूस इतका सरळ आहे की नाही म्हणायला कारण सापडत नाही, आणि म्हणूनच आठवडाभर मला धड झोप नाही.

त्यांची गाडी 1967 ची एमजीबी. दोघांपुरती, उघड्या टपाची, गडद हिरवी. पत्र्याचं सगळं काम नव्याने केलेलं, 1798 सीसीचं इंजिन उघडून पुन्हा बांधलेलं, दोन्ही कार्बुरेटर एका सुरात. तिच्या बदल्यात त्यांना माझी मॉरिस मायनर हवी आहे. 1959 ची, 948 सीसी, अंगात जेमतेम 37 घोड्यांचं बळ. वर एक पैसा नको. कुणालाही विचारलं तर तो सांगेल की यात तोटा त्यांचा आहे, आणि ते त्यांनाही ठाऊक आहे. पण ते गाडी शिकले ती आईच्या मायनरवर. ती गाडी केव्हाच भंगारात गेली. परवा माझ्या गाडीत बसले होते तेव्हा मी वळणाआधी इंडिकेटर दिला. दारामागच्या खांबातून तो छोटा केशरी हात टक् करून बाहेर आला आणि त्यांनी चष्मा काढून पुसला. 1961 नंतरच्या मायनरना लुकलुकणारे दिवे आले, हात गेले. त्यांना ते हातच हवे आहेत.

जुन्या गाड्यांची माणसं एकत्र जमली की ‘तुझी गाडी कशाच्या बदल्यात देशील?’ हा प्रश्न कधी ना कधी निघतोच. पहिलं उत्तर नेहमी फेरारी 250 जीटीओ. 1962 ते 64 या काळात अवघ्या 36 बनल्या, त्यामुळे हे उत्तर देताना कुणाचं काही जात नाही. खरी उत्तरं तासाभराने येतात, निम्मे लोक घरी गेल्यावर. एकाला गाडी देऊन कोरडी, बंद गॅरेज हवी होती. आता गॅरेज मिळाल्यावर तिच्यात ठेवायचं काय, हे त्याला कुणी विचारलं नाही, कारण त्याचं दुःख आम्हा सगळ्यांना कळत होतं: दर पावसाळ्यानंतर दाराखालच्या पत्र्यावर बोट फिरवायचं आणि कुठे फुगलंय ते चाचपायचं. गंज आतून येतो. रंगावर फोड दिसेपर्यंत आतला पत्रा गेलेला असतो.

दुसऱ्याचं उत्तर मला विसरता येत नाही. तो म्हणाला, ‘मला हीच गाडी हवी आहे, पण रंग काढायच्या आधीची.’ त्याने दोन वर्षं खपून गाडी आरशासारखी केली होती. त्या कामात मागच्या दाराचा रंग पार पत्र्यापर्यंत घासला गेला, आणि त्या रंगात त्याच्या मुलीने चार वर्षांची असताना खिळ्याने काढलेली अक्षरं होती. तेव्हा तो तिच्यावर ओरडला होता. मुलगी आता दूर राहते. सगळं झळाळतं काम देऊन ती ओरखड्यांची गाडी परत घ्यायला तो तयार होता, आणि हे सांगताना तो हातातल्या किल्लीकडे बघत होता.

‘कशाच्याही बदल्यात नाही’ म्हणणारे बरेच असतात. त्यांच्यावर माझा विश्वास नाही. ते खोटं बोलतात असं मी म्हणत नाही. त्यांच्यावर वेळ आलेली नाही, इतकंच. माझ्या मैत्रिणीवर आली. नवऱ्याच्या ऑपरेशनसाठी तिने बीटल विकली, पहिल्या आलेल्या माणसाला, घासाघीस न करता. नंतर मी भीतभीतच विचारलं, आठवण येते का? ती म्हणाली, ‘येते की. पण गाडीने तिचं काम केलं.’ मर्सिडीजच्या कंपनीनेही 2022 साली असंच काहीसं केलं. 1955 ची 300 एसएलआर उहलेनहाउट कूपे, जगात फक्त दोन, दोन्ही कंपनीच्याच. त्यातली एक त्यांनी 13.5 कोटी युरोंना दिली आणि पैसे तरुणांच्या शिष्यवृत्त्यांसाठी काढून ठेवले. जगातली सगळ्यात महाग विकली गेलेली गाडी म्हणून सगळे तिचं नाव घेतात. मला मात्र ती बातमी वाचली तेव्हा मैत्रिणीची बीटल आठवली.

अर्व्ह गॉर्डनचं उत्तर वेगळं होतं. अमेरिकेतला हा विज्ञानाचा शिक्षक. 1966 साली त्याने व्होल्वो पी1800 घेतली आणि ती चालवतच राहिला. 2013 मध्ये गाडीने 30 लाख मैल पूर्ण केले. कुणी विकतोस का विचारलं तर तो म्हणायचा, मैलाला एक डॉलर द्या. मला हा हिशेब फार आवडतो. गाडी जितकी जास्त वापरली तितकी तिची किंमत चढत जाणार! बाजार नेमका उलटा चालतो. कमी चाललेली, झाकून ठेवलेली गाडी महाग. गॉर्डनच्या दराने प्रत्येक मैलागणिक गाडी त्याच्याकडे आणखी पक्की होत गेली, आणि 2018 मध्ये तो गेला तोवर ती त्याचीच होती.

पण या आठवड्यात मला सारखा आठवतोय तो हॉलिवूडचा नट स्टीव्ह मॅक्वीन. ‘बुलिट’ हा 1968 चा चित्रपट, त्यात त्याने चालवलेली हिरवी मस्टँग पुढे एका साध्या कुटुंबाकडे गेली. त्या घरातली बाई तीच गाडी घेऊन शाळेत शिकवायला जायची. 1977 मध्ये मॅक्वीनने त्या मालकाला पत्र लिहिलं की ही गाडी मला परत हवी आहे, तुमच्यासाठी दुसरी मस्टँग शोधून देतो, फार पैसे पडणार नसतील तर. इतका मोठा नट, आणि विनंती केली ती अशी, हात आखडता घेऊन. मालकाने गाडी दिली नाही. बापाच्या मागे मुलाने 2020 मध्ये ती लिलावात काढली तेव्हा बोली 34 लाख डॉलरवर थांबली. लोक म्हणतात, बघा, नाही म्हणाले ते किती फायद्याचं ठरलं. पण 1977 साली त्या घराला 2020 थोडंच दिसत होतं? त्यांनी दिली नाही कारण ती त्यांची गाडी होती, रोज सकाळी दारातून निघणारी.

आतापर्यंत मी हा किस्सा नेहमी त्या कुटुंबाच्या बाजूने सांगत आले. आज पहिल्यांदा मॅक्वीनच्या बाजूने वाचला. त्याला ती गाडी खरोखर हवी असणार. माझ्या फोनवरच्या माणसाला हवी आहे तशी.

विम्याच्या कागदावर दरवर्षी गाडीची ठरलेली किंमत लिहावी लागते. जुन्या गाडीला कोष्टकातला भाव लागू होत नाही, म्हणून मालक आणि कंपनी मिळून एक आकडा मान्य करतात. तो आकडा लिहायला मला दोन मिनिटंही लागत नाहीत. गेल्या वर्षी जो होता त्यात थोडा वाढवून टाकते. मग या अदलाबदलीत इतकं काय अडकलंय? माझा जीव नक्की कशात अडकलाय?

खरं लिहायचं तर एमजीबीतल्या एका गोष्टीवर माझं मन गेलंय. तिच्यात इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलेलं आहे. ठिणगीसाठी वीज जोडणारे-तोडणारे पॉइंट्स नाहीत. म्हणजे दर पाच हजार किलोमीटरला डिस्ट्रिब्युटरचं टोपण काढून, हँडलने इंजिन थोडं थोडं फिरवून, पॉइंट्समधली गॅप लावायची भानगड नाही. सेल्फ मारला की गाडी चालू. आणि आमच्याकडे गॅप लावतो तो दादा.

ही गाडी आम्ही दोघांनी सहा वर्षं खपून उभी केली. इंजिन त्याचं, पत्रा आणि वायरिंग माझं. बॉनेटच्या मधोमध जी सपाट उंच पट्टी आहे ना, तिची गोष्ट त्यानेच मला सांगितली होती: मायनरचा आराखडा करणाऱ्या अ‍ॅलेक इसिगोनिसला नमुन्याची गाडी फार अरुंद वाटली, म्हणून त्याने ती उभी कापून घेतली आणि दोन्ही अर्धे दूर सरकवत गेला, नजरेला बरं वाटेपर्यंत. चार इंचांवर थांबला. ती चार इंच बॉनेटवर शेवटच्या गाडीपर्यंत राहिली. मायनर 1948 साली आली आणि पुढे सोळा लाखांवर बनल्या, पण दादाला त्या आकड्याचं काही नाही. त्याला ‘नजरेला बरं वाटेपर्यंत’ हे आवडतं.

दादाचे हात आता थरथरतात. दोन वर्षं झाली. औषध आहे, ते थरथर थोडी धरून ठेवतं, थांबवत नाही. पॉइंट्सची गॅप असते पंधरा हजारांश इंच, मिलिमीटरच्या अर्ध्याहूनही कमी. फट मोजायच्या फीलर गेजचं पातं तिच्यात अलगद जायला हवं, किंचित धरून सुटायला हवं. फट कमी-जास्त झाली की टायमिंग हलतं, गाडी मिसिंग करते. गेल्या खेपेला त्याने सात वेळा लावलं. मी बाजूला टॉर्च धरून उभी होते आणि काही बोलले नाही. आठव्या वेळी त्याने स्क्रू ड्रायव्हर माझ्याकडे न बघता पुढे केला.

म्हणजे मला कुणी खरंच विचारलं की कशाच्या बदल्यात देशील, तर त्या हातांच्या बदल्यात. या क्षणी, कागदपत्रांसकट, स्टेपनीसकट. ते देणारं कुणी नाही. आणि एमजीबी घेतली तर निदान त्याला त्या टोपणाखाली वाकावं लागणार नाही, असं मी आठवडाभर स्वतःला समजावते आहे. त्याच्यासाठीच करते आहे, असंही. ते कितपत खरं आहे, ते उद्या त्याच्याशी बोलल्यावर कळेल.

रविवार, दुपार

सांगितलं. तो फेंडरला टेकून उभा होता. एमजीबी म्हटल्यावर भुवया उंचावल्या, रंग विचारला, ओव्हरड्राइव्ह आहे का विचारलं. आहे म्हटलं. मग म्हणाला, ‘सौदा चांगला आहे. त्यांच्या हातात गाडी बिघडणारही नाही. पुढच्या चाकांच्या सांध्यांना ग्रीस मारत जा म्हणावं, नाहीतर चाक बाहेर येऊन गाडी बसते.’ जणू दिलीच.

‘त्यात पॉइंट्स नाहीत,’ मी म्हटलं.

तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘मग रविवारी मी इकडे येऊन करू काय?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी टोपण काढलं. त्याने डोळे मिटले आणि कान पुढे केला, तो नेहमी करतो तसा. चावी फिरवली तशी पेट्रोलच्या पंपाची टिक-टिक सुरू झाली, आधी भरभर, मग कार्बुरेटर भरत आला तशी सावकाश, मग थांबली. ‘पंप ठीक आहे,’ तो म्हणाला. ‘चावी बंद कर. हँडल लाव. हळू. अजून. पॉइंट्स पूर्ण उघडले की थांब.’

थांबले. पातं घातलं.

‘कसं जातंय?’

‘सैल.’

‘सैल म्हणजे, गेल्या वेळेसारखं की त्याहून?’

‘त्याहून जरा कमी सैल.’

‘मग स्क्रू केसभरच हलव. ओढून नको, नुसता टेकव.’

तीन वेळा लावावं लागलं. गाडी चालू केली तेव्हा त्याने थरथरता हात बॉनेटवर ठेवला, त्या पट्टीवर, आणि इंजिनाच्या थरथरीत त्याची थरथर काही वेळ दिसेनाशी झाली. मी बघते आहे हे त्याच्या लक्षात आलं असावं, पण त्याने हात काढला नाही.

संध्याकाळी त्या गृहस्थांना फोन करायचा आहे. नाही म्हणणार आहे. पण पुढच्या रविवारी त्यांनाही बोलवते, आईंना घेऊन या म्हणते, जमत असेल तर. मागे त्या बसल्या की मी चालवीन आणि लागेल तितक्या वेळा उगाचच डावीकडे वळेन. दादा म्हणाला, त्याआधी डाव्या हाताच्या बिजागरीला एक थेंब तेल घाल, वर येताना अडखळतोय.