तीन वेळा नमो मारिया

राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीचा उपासाचा काळ सुरू होतो त्या दिवशी, चर्चमध्ये दरवर्षी एक गंमत घडते आणि तिचं हसू मात्र कुणालाच येत नाही. त्या दिवशीचं शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधला येशूच्या जीवनावरचा वाचायचा भाग, मत्तयच्या सहाव्या अध्यायातलं असतं. उपास करताना ढोंग्यांसारखं तोंड पाडून फिरू नका. डोक्याला तेल लावा, तोंड धुवा, तुमचा उपास लोकांना दिसता कामा नये, असं येशू त्यात बजावतो. फादर ते वाचतात, त्यावर प्रवचन करतात आणि ते संपतं न संपतं तोच आम्ही सगळे रांगेने पुढे जाऊन कपाळावर राखेचा क्रूस काढून घेतो. मग तोच क्रूस मिरवत जो तो आपापल्या कामाला. कपाळ पुसावं तर श्रद्धा कमी पडली असं वाटतं, न पुसावं तर येशूचं नुकतंच ऐकलेलं मोडल्यासारखं होतं. मी पुसत नाही. घामाने जेवढं जाईल तेवढं जाऊ देतो.

ती राखही आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी, येरुशलेमात येशूचा जयजयकार झाला त्याची आठवण म्हणून, मिरवलेल्या झावळ्यांची. म्हणजे गेल्या वर्षीचा जयजयकार जाळून यंदाचा पश्चात्ताप तयार होतो. हे ज्याला कुणाला सुचलं त्याला माणसांची चांगली पारख असली पाहिजे.

तर असा प्रायश्चित्तकाळ सुरू होतो. म्हणायचे दिवस ४०, कॅलेंडरात मोजले तर ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत ४६, कारण मधले सहा रविवार धरत नाहीत. रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस, त्या दिवशी उपास नाही. या हिशेबाचा फायदा घेऊन रविवारी पोटभर भरपाई करणारे महाभाग सगळ्यांच्याच ओळखीचे असतात. पण मला उपासाबद्दल फारसं सांगायचं नाही. उपास जमतो. अवघड असतं ते पापनिवेदन, म्हणजे फादरांपुढे आपली पापं बोलून दाखवणं.

ईस्टर जवळ आला की पापनिवेदनाच्या रांगा वाढतात. १२१५ सालच्या चौथ्या लॅटरन परिषदेने, म्हणजे चर्चच्या बिशपांच्या मोठ्या सभेने, घालून दिलेला नियम आहे, वर्षातून निदान एकदा तरी पापांची कबुली द्यायचीच, आणि माणूसप्राणी 'निदान एकदा' म्हटल्यावर शेवटच्या आठवड्याचीच वाट बघतो. दोन फादर बसलेले असतील आणि त्यातल्या एकांना ऐकू कमी येत असेल तर कुठली रांग लांब असेल हे सांगायला नको. (त्यात एक धोका असतो. 'काय म्हणालास? जरा मोठ्याने सांग' असं आतून आलं की मागच्या दहाजणांचे कान टवकारतात.) रांगेत कुणी प्रार्थनेच्या पुस्तकात डोकं घातलेलं, कुणी मोबाइलवर टिपून आणलेली यादी चाळतंय, एखादं पोर बोटांवर मोजतंय. आत गेलं की गुडघ्यांखाली गुडघे टेकायची ती फळी, नाकासमोर लाकडी जाळी, जाळीपलीकडे कानाचा नुसता आकार. 'फादर, मला आशीर्वाद द्या, मी पाप केलं आहे' एवढं तोंडपाठ असतं म्हणून निघतं. त्यानंतरच्या वाक्याला घसा कोरडा पडतो.

आणि मग सगळं सांगून झालं, फादरांनी दोन शब्द समजुतीचे सांगितले, की प्रायश्चित्त मिळतं: 'तीन वेळा नमो मारिया म्हण.' नमो मारिया ही येशूच्या आईची छोटीशी प्रार्थना. कधी एखादं स्तोत्र, कधी कुणासाठी काही करायला सांगतात, पण बहुतेक वेळा हेच. मग आपली पश्चात्तापाची प्रार्थना आणि फादरांचे पापक्षमेचे शब्द. बाकावर जाऊन बसायचं, तीन नमो मारिया म्हणायच्या. सावकाश म्हटल्या तरी दीड-दोन मिनिटांचं काम.

एवढंच?

हा प्रश्न पडला नाही असा पापनिवेदन करणारा मला भेटायचा आहे. गाऱ्हाणं शिक्षा फार झाल्याचं नसतं, ती फारच थोडी झाल्याचं असतं. ज्या गोष्टीने महिनोन्‌महिने झोप उडाली, जी सांगायला रांगेतून दोनदा माघारी फिरलो, तिची किंमत दीड मिनिट? फादरांनी नीट ऐकलं तरी का? मला तर वाटतं, माफीवर आपला विश्वास बसत नाही तो या हलकेपणामुळे. काहीतरी जबर सांगितलं असतं, अनवाणी कुठेतरी चालत जा, महिनाभर मीठ सोड, तर आपण ते निमूटपणे केलं असतं आणि वर चारचौघांत सुचवलंही असतं.

जुन्या काळी तसं होतंच. पहिल्या काही शतकांत मोठ्या पापाचं प्रायश्चित्त उघड्यावर, सगळ्या मंडळीदेखत करावं लागे आणि ती संधीही आयुष्यात एकदाच. ३९० साली सम्राट थिओडोशियसच्या हुकमाने ग्रीसमधल्या थेस्सलनीकात लोकांची कत्तल झाली. मिलानचे बिशप अँब्रोज यांनी त्याला पत्र लिहून कळवलं की प्रायश्चित्त केल्याशिवाय तुझ्यापुढे मला मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) करता येणार नाही. रोमच्या सम्राटाने राजचिन्हं उतरवून चर्चमध्ये सगळ्यांसमोर अश्रू ढाळले आणि त्या नाताळात त्याला पुन्हा चर्चच्या सहभागात घेतलं गेलं. एका बिशपने सम्राटाला असं थांबवावं, याचं कौतुक मला आजही वाटतं.

पुढे आयर्लंडच्या मठवासीयांनी पापनिवेदन खाजगी केलं आणि पुन्हा पुन्हा करता येईल असंही केलं. मात्र त्यांनी प्रायश्चित्ताचे दर ठरवून टाकले. अमुक पापाला इतके दिवस, तमुक पापाला इतकी वर्षं पावपाण्यावर. दर ठरले की पळवाटा आल्याच. हजारएक वर्षांपूर्वीच्या इंग्लंडमधल्या एका नियमावलीत बड्या लोकांसाठी सोय सांगितली आहे. सात वर्षांचा उपास पडला असेल तर बारा माणसं घ्यावीत, त्यांनी तीन दिवस उपास करावा. मग एकशेवीसच्या सात तुकड्यांनी तीन-तीन दिवस करावा. गुणाकार करून बघा: ३६ अधिक २,५२०, म्हणजे २,५५६ उपास. सात वर्षांचे दिवस बरोब्बर भरले, तेही आठवड्याच्या आत! हा हिशेब बसवणाऱ्याने कुठे एखादा दिवस कमी पडू दिलेला नाही. त्याच नियमावलीत गरिबाने मात्र आपली पापं स्वतःच्याच अंगावर फेडायची. उपाशी राहणाऱ्या त्या साडेआठशे माणसांनी कुणाची पापं फेडतोय हे विचारलं असेल का, असं मनात येतं.

आणि स्वतःच्या अंगावर घेतलेलं भारी प्रायश्चित्त तरी खरं असतंच असं कुठे आहे? १०७७ च्या जानेवारीत सम्राटपदाचा दावेदार जर्मन राजा चौथा हेन्री इटलीतल्या कनोसाच्या किल्ल्याबाहेर तीन दिवस अनवाणी, लोकरीच्या साध्या वस्त्रात उभा राहिला, भर बर्फात. आत पोप सातवे ग्रेगरी होते. त्यांनी हेन्रीवर घातलेला धर्मबहिष्कार मागे घेतला. त्यानंतर काही वर्षांतच याच हेन्रीने आपला वेगळा पोप उभा केला, १०८४ साली रोम घेतलं, आणि ग्रेगरी दुसऱ्या वर्षी परमुलखात वारले. तीन दिवस बर्फात उभं राहूनही मन तसंच राहू शकतं. मग दीड मिनिटाच्या प्रार्थनेला नावं कशाला ठेवायची?

त्या जाळीबद्दल एक सांगायचं राहिलं. ती फार जुनी नाही. सोळाव्या शतकापर्यंत धर्मगुरू चर्चमध्ये उघड्यावर खुर्ची टाकून बसत आणि माणूस शेजारी गुडघे टेकी. मधल्या फळीची न्‌ जाळीची पद्धत मिलानचे आर्चबिशप चार्ल्स बोरोमिओ यांनी रुजवली, मुख्य हेतू हा की कुणाला संशयाला जागा राहू नये. पण तिचा दुसरा उपयोग बोलणाऱ्यालाच जास्त कळतो. पलीकडचा चेहरा दिसत नाही, त्यामुळे त्यावर काय उमटतंय हे बघत बघत आपलं पाप मऊ करत नेता येत नाही. ऐकणाऱ्यावरही बंधन आहेच. ऐकलेलं बाहेर फोडणाऱ्या धर्मगुरूला पदावरून काढावं आणि कडक मठात जन्मभर प्रायश्चित्त करायला ठेवावं, असं त्या १२१५ च्या परिषदेनेच लिहून ठेवलं. तीन नमो मारियांवर भागत नाही, असं मी ऐकलेलं पाप हे एकच! आणि जाळीच्या या बाजूला सगळ्यांनाच यावं लागतं. २०१४ च्या मार्चमध्ये, प्रायश्चित्तकाळातच, पोप फ्रान्सिस व्हॅटिकनच्या सेंट पीटर्समध्ये लोकांची पापनिवेदनं ऐकायला निघाले होते. सोबतच्या मदतनीसाने त्यांची जागा दाखवली, तर हे भलत्याच दिशेने गेले आणि एका साध्या धर्मगुरूपुढे आधी स्वतः गुडघे टेकून मोकळे झाले. मदतनीसाचा गोंधळलेला चेहरा कॅमेऱ्यात सापडला आहे.

तरीही 'एवढंच?' हा प्रश्न मी सोडत नाही, कारण त्यात एक खरी खोच आहे. ज्याचं नुकसान झालं त्याचं काय? प्रायश्चित्तकाळात ५१ वं स्तोत्र सारखं कानावर पडतं. दावीद राजाचं म्हणून ते ओळखलं जातं, त्याने आपल्या सैनिकाची, उरीयाची बायको बथशेबा घेतली आणि उरीयाला लढाईत मुद्दाम मारवलं, त्यानंतरचं. 'तुझ्याविरुद्ध, तुझ्याविरुद्धच मी पाप केले आहे,' असं त्यात तो देवाला म्हणतो. इथे मी दर वेळी अडतो. देवाविरुद्ध, कबूल, पण उरीया? त्याचं स्तोत्रात नाव नाही. वर शीर्षकात बथशेबेचं येतं, तेवढंच.

बायबलमधल्या शमुवेलच्या दुसऱ्या पुस्तकात मात्र हिशेब वेगळ्या तऱ्हेने निघतो. नाथान संदेष्टा दावीदाला एक गोष्ट सांगतो. एका गरिबाकडे एकच मेंढी होती, त्याच्या ताटातलं खाणारी, त्याच्या कुशीत झोपणारी. शेजारच्या श्रीमंताकडे पाहुणा आला तेव्हा त्याने आपले कळप ठेवून तीच कापली. दावीद संतापतो आणि तिथल्या तिथे निकाल देतो: त्याने चौपट भरून द्यावं. दुसऱ्याचं पाप असलं की आपल्याला दरपत्रक कसं पाठ असतं! मेंढीला चार मेंढरं, बायबलच्या निर्गम पुस्तकातला नियम बरोबर आठवला. मग नाथान म्हणतो, 'तो मनुष्य तूच आहेस.' आता चौपट कुठून आणणार? उरीया तर एकही परत आणता येत नाही.

शुभवर्तमानातल्या जक्कयाने येशूला याच चौपटीचा शब्द दिला होता. तो जकातदार, लोकांचे पैसे जास्त घेतलेले, तेव्हा त्याच्या बाबतीत परतफेड शक्य होती. येशूने त्याला 'राहू दे' म्हटलं नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. जे देता येतं ते द्यायचं, तिथे नमो मारिया पुढे करायची नाही. चांगले फादर हे विचारतातच, की घेतलेलं परत केलंस का, ज्याला बोललास त्याच्याकडे गेलास का. त्या आयरिश मठवासीयांतल्या कोलंबानसच्या नियमात तर एक जागा अशी आहे की वाचताना मी थांबलोच होतो. कुणा धर्मसेवकाने खून केला तर त्याने दहा वर्षं परमुलखात काढावीत, आणि परत आल्यावर मेलेल्याच्या आईवडिलांकडे जाऊन त्यांच्या मुलाच्या जागी उभं राहावं. तुम्ही सांगाल ते करीन, असं म्हणावं. त्या आईने दार उघडलं असेल की नाही, कोण जाणे. उघडलं तरी मुलगा काही परत आला नाही. दरपत्रक तिथे संपतं आणि दहा वर्षं काय, शंभर वर्षंही तोकडीच पडतात. तीन नमो मारिया त्या हिशेबात बसवायला गेलं की हास्यास्पद वाटतात, कारण त्या हप्ता म्हणून दिलेल्याच नाहीत. भरणा दुसऱ्याने क्रुसावर केला, असं आम्ही मानतो. मानतो खरं, पटवून घ्यायला मात्र दरवर्षी ४० दिवस लागतात.

येशूने सांगितलेल्या उधळ्या पुत्राच्या गोष्टीतही हे आहे, घाईत वाचलं तर निसटतं. बापाकडून घेतलेली वाटणी उधळून बसलेला पोरगा डुकरं चारत असताना बापापुढे म्हणायचं वाक्य घोकून ठेवतो. त्याचे तीन भाग आहेत: मी पाप केलं आहे, मी तुमचा मुलगा म्हणवून घ्यायच्या लायकीचा नाही, मला एका चाकरासारखं ठेवा. तिसरा भाग हे त्याने स्वतःच ठरवलेलं प्रायश्चित्त. घरी आल्यावर पहिले दोन भाग तो म्हणतो, तिसरा येतच नाही. मधेच बापाने नोकरांना हाका मारल्या, झगा आणा, अंगठी आणा, पायांत जोडे घाला. चाकरीचा प्रस्ताव पोराच्या तोंडातच राहिला. बापाने तो फेटाळला असंसुद्धा नाही, त्याला तो ऐकायलाच वेळ नव्हता.

हिशेब ठेवलाय तो थोरल्या भावाने. इतकी वर्षं राबतोय, एक आज्ञा मोडली नाही, मित्रांबरोबर मजा करायला कधी करडू मिळालं नाही, आणि याच्यासाठी पोसलेलं वासरू! त्याचं म्हणणं वाचताना मला कधीच तो वाईट वाटला नाही. रांगेत माझ्या पुढेमागे उभ्या असलेल्या निम्म्या लोकांचं म्हणणं तेच असतं, फक्त ते यादीत लिहिलेलं नसतं. यादी दहा आज्ञांच्या क्रमाने करतात आणि याने आज्ञा कुठली मोडलीये? बाप त्याचीही समजूत घालायला बाहेर येतो. पुढे तो आत गेला का, ते ही गोष्ट लिहून ठेवणाऱ्या लूकने लिहिलेलं नाही. प्रवचनांतून त्याला बहुधा आत नेतात. मला नाही वाटत तो गेला असेल, निदान त्या दिवशी तरी.